वाळूचं विरजण

“मास्तर, ह्यो नवा सायेब माज्याकडं असा का बगतोय?” कमरेवरचं घमेलं न हलवता हौसामावशीनं मला विचारलं.

ती मधल्या वाफ्यात उभी होती आणि मी काठावर. वाफा म्हणजे शेतातला नव्हे. आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याचे तीन मोठे दगडी हौद होते, संस्थानी काळात बांधलेले. प्रत्येकात तळापासून पुरुषभर वाळू आणि वाळूवर छातीइतकं नदीचं पाणी. ते वाळूतून हळूहळू पाझरत खाली जायचं, टाकीत जमायचं आणि गावाला नळानं मिळायचं. थोरला, मधला आणि धाकटा अशी त्यांची नावं. दर दोन-तीन महिन्यांनी वाळूवर तपकिरी-हिरवा चिकट थर इतका दाट व्हायचा की पाणी झिरपेनासं व्हायचं. मग वाफ्यातलं पाणी उतरवून हौसामावशी आणि तिच्या पाच बायका तो थर रुंद पात्याच्या खुरप्यांनी नखभर खरवडून काढायच्या. बायका त्याला साय म्हणायच्या.

त्या सोमवारी मधल्या वाफ्याची साय काढून झाली होती. खालून स्वच्छ, करडी वाळू वर आली होती. आणि हौसामावशी घमेल्यातली तीच साय मूठमूठ घेऊन त्या स्वच्छ वाळूवर परत टाकत होती, पेरणी करावी तशी.

“अहो बोडस, ही बाई काय करतेय?” गुर्जरसाहेबांनी मला विचारलं. साहेब पाणीपुरवठ्याचे नवे इंजिनियर म्हणून चारच दिवसांपूर्वी मोठ्या शहरातून बदलून आले होते. तिथलं सगळं यंत्रावर चालायचं, असं ऐकलं होतं.

“विरजण लावतेय,” मी म्हणालो आणि लगेच ओशाळलो.

“काय लावतेय?”

“विरजण, साहेब. म्हणजे… त्या तसं म्हणतात.”

हौसामावशीनं आमचं बोलणं ऐकलं होतं. “दुदाला लावत्यात तसं, सायेब. न्हाईतर वाळू लौकर धरत न्हाई.”

“काय धरत नाही?”

“साय.”

“आत्ता काढलीत ती?”

“व्हय की.”

“काढायची आणि परत टाकायची?”

“सगळी कुटं टाकतीया? दह्याचं भांडं घासायच्या आदी बोटभर दही बाजूला काढून ठेवतोच की आपण. का तुमच्याकडं बायका रोज नवं दही शेजारणीकडनं मागून आनत्यात?”

बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. बूट काढले, पॅंट दुमडली आणि पायऱ्यांवरून वाफ्यात उतरले. घमेल्यातली चिमूटभर साय बोटांवर घेऊन हुंगली आणि मान वर करून मला हळूच विचारलं, “हे गाव यातून आलेलं पाणी पितं?”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. उत्तर डोक्यात तयार होतं, पुस्तकातल्या पानांच्या आकड्यांसकट. तोंडातून आलं ते एवढंच. “साहेब, ते… जिवंत असतं.”

“तेच म्हणतोय मी,” साहेब म्हणाले. “जिवंत आहे. म्हणून तर मारायला हवं.”

उरूस बारा दिवसांवर आला होता. सात दिवसांच्या उरुसाला गावात तिप्पट माणूस व्हायचं. साहेबांनी हुकूम दिला. मधल्या वाफ्यातली हातभर वाळू उपसायची, धुवायची, परत भरायची आणि वर ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी सोडायचं. उरुसाच्या आधी वाफा सुरू झाला पाहिजे.

हौसामावशीनं घमेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला काढला.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या खोलीत माझी नेमणूक होऊन आठ महिने झाले होते आणि नोकरी पक्की व्हायला चार महिने बाकी होते. बायका मला मास्तर म्हणायच्या, कारण मी चष्मा लावायचो आणि माझ्या हातात कायम पुस्तक असायचं. शिकवायला मी कधीच गेलो नसतो. चार माणसांसमोर उभा राहिलो की माझी वाक्यं मधेच तुटायची. त्या नोकरीत हे एक बरं होतं. दिवसभर बाटल्या, नळ्या, भट्टी आणि एक पितळी सूक्ष्मदर्शक. यांतलं कुणी मला प्रश्न विचारत नसे.

त्या दुपारी मी घमेल्यातली थोडी साय काचेच्या वाटीत घेऊन खोलीत आलो. दार लोटलं. खिडकीतलं ऊन सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर घेतलं आणि डोळा लावला.

हे मी आधीही पाहिलं होतं. तरी प्रत्येक वेळी खोली, खुर्ची, बाहेरच्या पंपाची धडधड सगळं मागे पडायचं आणि मी त्या गावात शिरायचो. गावच होतं ते. वाळूच्या एकेका दाण्याभोवती चकचकीत डिंकासारखा पदार्थ, त्यात हजारो जीव रोवलेले. पुस्तकात वाचलेलं आणि डोळ्यांना दिसणारं एकमेकांत मिसळून जायचं. वाहत्या पाण्यातून एखादा जंतू येतो, दाण्याला टेकतो. बहुतेक वाहून जातात, एखादा चिकटतो. तो आपल्याभोवती डिंक सोडतो. त्या डिंकात दुसरा येऊन बसतो, तिसरा येतो. काही डिंक बनवतात, काही आयत्या डिंकात राहतात आणि फुकट खातात. काही शेजाऱ्याला जागा मिळू नये म्हणून विष सोडतात. एकानं टाकलेलं दुसऱ्याचं अन्न होतं. वर, उजेडात, हिरवे धागे ऊन पिऊन राहतात. खाली, अंधारात, हवा लागली तर मरणारे बसलेले असतात. त्यांच्यामधून पाण्याला जायला गल्ल्या सोडलेल्या. आणि त्या गल्ल्यांच्या तोंडाशी देठांवर उभे असलेले घंटेसारखे जीव, तोंडाभोवती केसांचं कडं गरगर फिरवत. त्या भोवऱ्यात जे सापडेल ते दिसेनासं होई.

नदीतून येणारे रोगाचे जंतू याच गल्ल्यांतून जायचे. बसायला मोकळी जागा नाही, खायला काही उरलेलं नाही, आणि पुढे भोवरे. वाळू पाणी स्वच्छ करत नव्हती. वाळूवर वसलेलं हे गाव वरच्या गावाला राखत होतं.

आज त्याला बायोफिल्म म्हणतात. तेव्हा माझ्या पुस्तकात तो शब्द नव्हता. हौसामावशीकडे मात्र होता.

त्या दुपारी मी किती वेळ तिथे हिंडत होतो ते आठवत नाही. तिथे कुणी काही विचारत नव्हतं. एक घंटा आपला देठ स्प्रिंगसारखा आखडून घ्यायची, पुन्हा हळूच लांब करायची आणि मला वाटायचं, तिनं मला ओळखलं. डोळा काढला तेव्हा ऊन आरशावरून सरकून भिंतीवर गेलं होतं आणि बाहेर बायकांच्या फावड्यांचा आवाज येत होता. वाळू उपसायला सुरुवात झाली होती.

मंगळवार, बुधवार ते काम चाललं. गुरुवारी ब्लीचिंग सोडलं. साहेबांनी टाकीसाठी ठेवलेली सहा महिन्यांची जवळजवळ सगळी पूड त्या एका वाफ्यात ओतायला लावली. नवी गाडी येईल म्हणाले. वास इतका की बायकांचे डोळे वाहत होते.

“सायेबानं वाळूलाबी रडवलं,” हौसामावशी म्हणाली.

शुक्रवारी मी तिथली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दाणे खडीसाखरेसारखे लखलखत होते. इतकी सुंदर वाळू मी तोवर पाहिली नव्हती, आणि तिच्यात कुणीही नव्हतं. बराच वेळ शोधल्यावर एका दाण्याच्या भेगेत टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी डाग सापडला. वरचे मेले होते. त्यांच्या आडोशानं खाली कुणीतरी उरलं असावं, असं वाटलं. काहीतरी हललं. माझी पापणीही असेल.

मग मी धीर करून साहेबांच्या खोलीत गेलो.

“बोला, बोडस.”

“साहेब, मधला वाफा… इतक्यात उघडू नये.”

“का?”

“नुसती वाळू गाळ अडवते. जंतू अडवत नाही. जंतू दाण्यांमधून सहज जातात. त्यांना साय खाते. म्हणजे सायीतले जीव खातात. ती धरायला दोन-तीन आठवडे लागतात. बायका म्हणतात, वाळू पिकावी लागते.”

“बायका म्हणतात, की पुस्तकात आहे?”

“दोन्ही.”

“कुठल्या सालचं पुस्तक?”

मी साल सांगितलं. ते साहेबांच्या जन्माआधीचं होतं. साहेब पहिल्यांदाच हसले, पण त्या हसण्यात टवाळी नव्हती. “बसा. मी तुमची थट्टा करत नाही. मी ज्या शहरातून आलो तिथे साय नव्हती आणि लोक आजारी पडत नव्हते. इथे उरुसाला एक वाफा बंद ठेवला तर काय होईल? नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी. मग लोक काय करतील?”

“नदीवर जातील.”

“आणि नदीचं पाणी तुमच्या नळ्यांत काय दाखवतं?”

“जंतू,” मी म्हणालो. ते खरं होतं. आजही खरं वाटतं.

“तुमच्या नळ्यांवर माझा विश्वास आहे,” साहेब म्हणाले. “रविवारी मधल्या वाफ्याचं पाणी तपासा. नळीत बुडबुडा आला तर वाफा बंद. नाही आला तर तुम्ही ‘पिण्यास योग्य’ असं लिहून सही करायची आणि बुधवारी वाफा उघडायचा. ठरलं?”

“ठरलं,” मी म्हणालो.

त्या काळी तपासणी साधी होती. दुधातली साखर घातलेल्या पातळ रश्शाच्या पाच नळ्या, प्रत्येकीत एक छोटी नळी उपडी बुडवलेली. त्यांत पाणी घालून, अंगाच्या उष्णतेइतक्या उबेच्या पेटीत दोन दिवस ठेवायचं. पाण्यात माणसाच्या आतड्यातले जंतू असतील तर ते साखर खातात, वायू सोडतात आणि उपड्या नळीत बुडबुडा साचतो. बुडबुडा नसेल तर पाणी पिण्यास योग्य.

साहेबांच्या खोलीतून बाहेर पडून जिना उतरताना माझी चूक माझ्या लक्षात आली. रविवारच्या नळ्या रविवारचं पाणी सांगणार. वाळूला अजून ब्लीचिंगचा वास होता. त्यातून जाणारे जंतू आज मरतील. चार-पाच दिवसांत तो वास धुऊन जाईल आणि मग खाली उरेल ती नुसती वाळू, नेमकी उरूस भरात असताना. हे मी आत बसलेलो असतानाच सांगायला हवं होतं. मी परत वर गेलो. साहेबांच्या दाराशी नळपट्टीची नोटीस लावलेली होती. ती वाचली आणि खाली आलो. अर्ध्या तासानं पुन्हा गेलो, पुन्हा ती नोटीस वाचली. एकदा ठरलं म्हटल्यावर पुन्हा दार वाजवणं माझ्याच्यानं झालं नाही.

रविवारी मी दोन बाटल्या भरल्या. एक मधल्या वाफ्याच्या खालच्या पाण्याची आणि एक नदीची. नदीची तपासणी मी दर आठवड्याला करायचोच.

हौसामावशी धाकट्या वाफ्याच्या पाटाशी बसून पोत्यावर पाणी शिंपडत होती.

“पोत्यात काय आहे, मावशी?”

“कुनाला सांगू नगा. एक घमेलं साय हाय. सायेबाच्या आदी उचलली. पाटाच्या सावलीत ठेवलीया, रोज पानी दाखवतीया.”

“मग टाकत का नाही?”

“कुटं टाकू? त्या इखात?” तिनं मधल्या वाफ्याकडे हनुवटी केली. “वास जाऊ द्या की. पोळल्यालं तोंड हाय तिचं, लगेच दही चाटवून चालंल व्हय?”

“साहेब बुधवारी वाफा उघडणार आहेत.”

ती उठली. लुगडं खोचून मधल्या वाफ्याच्या पायऱ्या उतरली, कमरेइतक्या पाण्यात गेली, वाकून तळाची मूठभर वाळू काढली आणि अंगठ्यानं तळहातावर चोळली. बराच वेळ चोळत राहिली. लुगड्याचा पोत पारखावा तशी.

“न्हाई,” ती म्हणाली. “दातात खडा आल्यागत करकरतीया. हातावर सरकत न्हाई. म्या बारा वर्सं ह्या वाळूत हाय, मास्तर. माजी सासू माज्या आदी हुती. अशी वाळू आमी गावाला दिली न्हाई.”

“दिली तर काय होईल?”

“म्या कशाला सांगू? तुमी शिकल्यालं हायसा.” मग तिनं ओला हात लुगड्याला पुसला. “लिवनार तुमीच न्हवं? मंग झालं की.”

पुढचे दोन दिवस मी फार कमी जेवलो असेन. नळ्या पेटीत होत्या आणि मी पेटीसमोर पुस्तक उघडून बसायचो. अक्षरांवरून डोळा फिरायचा, पण मी त्या गल्ल्यांतून चाललेला असायचो. गल्ल्या रिकाम्या होत्या. डिंकाची घरं पडली होती, घंटा देठावरून गळून पडल्या होत्या आणि दूरवरून, पाण्याबरोबर, कुणीतरी येताना दिसायचं. अडवायला कुणी नव्हतं. मी रस्त्याच्या मधे उभा होतो.

मंगळवारी दहा वाजता मी पेटी उघडली.

साडेदहाला साहेब आले. लाकडी स्टँडवर ‘मधला वाफा’ अशी माझ्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. साहेबांनी पहिली नळी उचलून खिडकीच्या उजेडाला धरली. उपड्या नळीच्या टोकाशी मटाराएवढा बुडबुडा होता. त्यांनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. पाचही पाहिल्या आणि परत जागेवर ठेवल्या.

मला वाटत होतं ते काही बोलतील. नळ्या बरोबर धुतल्या होत्या का विचारतील. उत्तरं मी तयार ठेवली होती.

“बंद ठेवा वाफा,” ते म्हणाले. “तुम्ही सांगत होतात. चूक माझी.” दारातून वळून म्हणाले, “तुम्ही बोलत नाही, बोडस, पण तुमच्या नळ्या बोलतात.”

उरूस आला. दिवसाआड अर्धा तास नळ. नगरपालिकेला शिव्या बसल्या आणि सगळ्यांत जास्त साहेबांना. ते शर्टाच्या बाह्या सरसावून सकाळी सहापासून दर्ग्याजवळच्या टाकीपाशी उभे राहायचे आणि रांगेतली भांडणं मिटवायचे. एका बाईनं रिकामी कळशी त्यांच्या पायाशी आपटली. ते खाली वाकले, कळशी उचलली आणि रांगेत पुढे नेऊन भरून दिली. लोक नदीवर गेलेच. किती गेले, कोण जाणे. सरकारी दवाखान्यात उलट्या-जुलाबाचे रोगी आले, ते दर उरुसाला येतच. त्या वर्षी जास्त आले की कमी, हे मी दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारायला गेलो होतो. तो म्हणाला, “दरसालइतकेच.” पण त्यानं मोजले नव्हते.

त्याच दिवसांत मी मधल्या वाफ्याचं पाणी पुन्हा तपासायला हवं होतं. वास गेला होता. आता त्या नळ्यांतून खरं काय ते कळलं असतं. नळ्यांतला रस्सा करायची पूड संपली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पूड संपलेली नव्हती.

चार महिन्यांनी माझी नोकरी पक्की झाली. साहेबांनी माझ्याबद्दल वर काय लिहून पाठवलं ते हेडक्लार्कनं मला दाखवलं. नेमका, विश्वासू, निर्भीड. मी तो कागद दोनदा वाचला. निर्भीड या शब्दावर त्यांनी शाईचा जोर दिला होता, असं मला वाटलं. पुढे तेहतीस वर्षं मी त्या खोलीत काढली. नवे साहेब आले की जुने त्यांना सांगायचे, बोडसांनी लिहिलं म्हणजे संपलं. माझ्या अहवालावर कुणी दुसऱ्यांदा नजर टाकली नाही. मीच टाकायचो, तीन-तीनदा.

उरुसाची दुकानं उठली, धूळ बसली. हौसामावशीनं वास गेल्याबरोबर आपलं घमेलं मधल्या वाफ्यावर रिकामं केलं होतं. साहेब तेव्हा काठावरच उभे होते. त्यांनी पाहिलं आणि हळूहळू दुसरीकडे चालू लागले. पाण्यावर तपकिरी ढग पसरला आणि तळाला बसला. त्यानंतर दोन आठवडे गेले. एका सकाळी तिचा निरोप आला, मास्तरांस्नी बोलवा.

आदल्या दिवशीच मी त्या वाफ्याच्या नळ्या पेटीतून काढल्या होत्या. पाचही स्वच्छ होत्या, एकाही नळीत बुडबुडा नव्हता. मी त्या बराच वेळ उजेडाला धरून पाहत बसलो होतो.

वाफ्यावर गेलो तर हौसामावशी एकटीच पायरीवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. वारा नव्हता. पाणी इतकं नितळ होतं की तळाची वाळू हाताशी आल्यासारखी दिसत होती. तिच्यावर मखमलीसारखी छटा आली होती, कुठे सोनेरी, कुठे हिरवी, आणि तिच्यातून मोत्यांसारखे बारीक बुडबुडे सुटून वर येत होते.

“उगडा आता,” ती म्हणाली. “सायेबास्नी सांगा.”

मी तिच्या शेजारी, दोन पायऱ्या वर बसलो. मला कुणालातरी सांगायचं होतं आणि सांगता येईल अशी जगात ती एकटीच होती.

“मावशी, त्या दिवशी मी खोटं केलं.”

“काय केलं?”

“मंगळवारी साहेबांना नळ्या दाखवल्या त्या या वाफ्याच्या नव्हत्या. नदीच्या होत्या. चिठ्ठी बदलली मी. या वाफ्याच्या नळ्यांत बुडबुडा आलाच नव्हता. पाणी चांगलं निघालं होतं.”

ती पाण्यातले पाय हलवायची थांबली.

“पाचही स्वच्छ होत्या,” मी म्हणालो. “आज आहेत तशाच. अगदी तशाच. फरक सांगता येणार नाही.”

“मंग का बदलली?”

“तुम्ही म्हणालात करकरतेय म्हणून.”

“माज्या हातावर?”

“हो.”

“आनि हात चुकला असंल तर?”

“तेच कळत नाहीये, मावशी. चुकला असेल तर मी लोकांना उगीच नदीवर पाठवलं. साहेबांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि चुकला नसेल तरी ते सिद्ध होत नाही. काही झालंच नाही तर ते कशामुळे झालं नाही, हे कसं कळणार?”

एवढी लांब वाक्यं मी कुणासमोर सलग बोललो नव्हतो. तिनं लुगड्याचा ओला काठ पिळला. रागावली असेल असं मला वाटलं. तिच्या हातावर मी इतकं मोठं ओझं टाकलं होतं, तिला न विचारता.

“वाळूला काय ठावं, कुनी खोटं लिवलं आन कुनी खरं?” ती म्हणाली. “तिला येळ पायजे हुता. मिळाला. ज्यानं दिला त्याचं त्यानं बगावं.”

“पण खरं काय होतं?”

“आता कोन सांगनार? ती वाळू ऱ्हायली न्हाई. ही दुसरी हाय.” ती उठली, पाण्यात उतरली आणि तळाची वाळू मुठीत घेऊन परत आली. “धरा हात.”

तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली. गार होती. माझ्या बोटांतून पाणी टपकत होतं.

“चोळा. अंगठ्यानं. असं न्हाई, हळू. डोळं मिटा.”

मी डोळे मिटले. चोळत राहिलो. त्या दाण्यांभोवती घरं पुन्हा उभी राहिली असतील, गल्ल्या पडल्या असतील, देठांवर घंटा फिरत असतील. मी ते सगळं आठवू शकत होतो. पण अंगठ्याला काहीच कळलं नाही. थोडं निसरडं, थोडं खरखरीत. तीन आठवड्यांपूर्वीची वाळूही मला अशीच लागली असती.

“काय म्हनतीया?” तिनं विचारलं.

“पिकलीय,” मी म्हणालो.

हौसामावशी इतकी मोठ्यानं हसली की पलीकडच्या पंपावरचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला. तिनं माझ्या हातातली वाळू काढून घेतली, पाण्यात सोडून दिली आणि म्हणाली, “मास्तर, दुसऱ्यांदा खोटं.”